१५ जुलै: मोगूबाईंबद्दल, आणि फक्त मोगूबाईंबद्दल

षड्जपंचम

आज १५ जुलै, शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकर ऊर्फ माई यांचा जन्मदिवस. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही फिरतंय त्यात त्यांची ओळख एका ओळीत उरकलेली आहे: किशोरीताई आमोणकरांच्या आई आणि गुरू. खोटं काही नाही त्यात. पण बाई १९०४ साली जन्मल्या आणि १० फेब्रुवारी २००१ ला गेल्या. शहाण्णव वर्षं. किशोरीताई जन्मायच्या आधीच त्यांच्या आयुष्यात इतकं काही घडून गेलं होतं की दुसऱ्या कुणी तेवढ्यावर आत्मचरित्राचा पहिला खंड काढला असता. म्हणून हा धागा. अट एकच, माईंबद्दल बोलायचं. लेकीबद्दल बोलायला उरलेलं आंतरजाल मोकळं आहे.

जन्म गोव्यातल्या सांगे भागातल्या कुर्डी गावचा. गाण्याची ओढ आई जयश्रीबाईंकडून आलेली, आणि मुलीचा गळा पहिल्यांदा ओळखला तोही आईनेच. ती तिला जांबावलीच्या देवळात गाणं कानावर पडावं म्हणून घेऊन गेली, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत ठेवलं. मोगू दहाएक वर्षांची असताना आई गेली. जाताना तिने लेकीकडे एवढंच मागितलं की तू मोठी गाणारी हो, असं सांगतात.

पुढे ती कंपनी बुडाली. मग सातारकर स्त्री संगीत मंडळी. ही बायकांची कंपनी. तिकडे बालगंधर्व शालू नेसून रंगभूमी गाजवत होते त्याच काळात या कंपन्यांतून बायकाच सगळे पार्ट करत. माईंची ‘सौभद्र’मधली सुभद्रा आणि ‘पुण्यप्रभाव’मधली किंकिणी लोकांना आवडली. कथकचेही धडे त्यांनी तिथेच घेतले. मग कंपनीतल्या हेव्यादाव्यांत तेही सुटलं. प्रकृती बिघडली आणि त्या औषधपाण्यासाठी सांगलीला आल्या.

आता इथला योगायोग बघा. जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँसाहेबही त्याच सुमाराला उपचारांसाठी सांगलीत होते. येता-जाता एका घरातून मुलीचा रियाज कानावर पडायचा. एक दिवस म्हातारा आत आला, म्हणाला, गा. आणि शिकवायला लागला. आपल्याला शिकवणारा माणूस केवढा आहे हे त्या मुलीला सुरुवातीला ठाऊकही नव्हतं म्हणतात. (हे सिनेमात दाखवलं तर आपण ‘अतिच आहे’ म्हणू.)

पण हे सुख टिकलं नाही. खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग माईही गेल्या, पण तिथे तालीम आपोआप सुरू झाली नाही. मोठ्या उस्तादाभोवती शिष्यांची जी तटबंदी असते ती होती. मग आग्रा घराण्याच्या बशीरखाँ, विलायत हुसेनखाँ यांच्याकडे शिकणं. मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ, आणि काही वर्षांनी तेही मुंबई सोडून गेले. एक गुरू मिळायचा, हाती काही लागतंय म्हणेपर्यंत सुटायचा. अल्लादियाखाँसाहेबांनी रीतसर गंडा बांधला, म्हणजे विधिपूर्वक शिष्या केलं, ते १९३४ साली. म्हणजे माई तिशीच्या होत्या, लग्न झालेलं, मूल झालेलं. तिथून १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत तालीम चालली. मधे १९३९ ला पती माधवदास भाटिया वारले. पदरात तीन मुलं, वय पस्तीस, शहर मुंबई, आणि उपजीविकेचं साधन एकच.

मला जे सांगायचंय ते यापुढचं आहे. जिला शिकण्यासाठी इतकी दारं झिजवावी लागली, तिने स्वतःचं दार किती उघडं ठेवलं! कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, सुहासिनी मुळगावकर, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर. अरुण द्रविड हे केमिकल इंजिनिअर. आणि ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे, ते चार्टर्ड अकाउंटंट. सगळे माईंच्या पुढ्यात बसलेले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ ला आला, पद्मभूषण १९७४ ला, म्हणजे सत्तरी गाठली तेव्हा. तोवर शिकवून झालेल्या माणसांची एक पिढी तयार होती.

ऐकलं असेल, वाचलं असेल, घरात कुणी सांगितलं असेल ते लिहा.

मुक्काम डोंबिवली

वाखुसा (वाचनखूण साठवली). या विषयावर लिहायचंय, पण ऑफिसातून जमणार नाही. रात्री येतो.

अर्धवटराव

लेकीबद्दल बोलायचं नाही ही अट दहाव्या प्रतिसादापर्यंत टिकली तर धागाकर्त्याला माझ्याकडून मिसळ.

लयवेडा

सुंदर लेख. मी फक्त गाण्याबद्दल लिहितो, कारण चरित्र सांगताना ते नेहमीच मागे पडतं.

कानाला आजच्या अतिविलंबित एकतालाची सवय असेल तर माईंचं जुनं ध्वनिमुद्रण लावल्यावर पहिली शंका येते की हे विलंबित आहे का? जयपूरवाल्यांचा विलंबित तीनताल मध्यलयीकडे झुकलेला. सोळा मात्रा कानाला एकेक करून मोजता येतात, ठेका सरळ, तबलजीला मधे नक्षी काढायला वाव नाही. आता त्या सरळ ठेक्यावर गाणाऱ्याने काय करायचं? इतर ठिकाणी आलाप तालावरून तरंगत जातो आणि सम (तालाची पहिली मात्रा) जवळ आली की मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडायची धावपळ होते. माईंच्या गाण्यात आकार (‘आ’ वर गायलेला आलाप) पहिल्या मात्रेपासून लयीच्या पोटात शिरलेला असतो. स्वर मात्रेवर पडतो, मग दोन मात्रांच्या मधे पडतो, मग एक मात्रा ओलांडून पलीकडे, आणि हे सगळं एका श्वासात. तुम्ही हाताने टाळी धरून ऐकत असाल तर तेराव्या-चौदाव्या मात्रेला वाटतं की आता ही बाई समेला पोचत नाही. लोकल फलाटाला लागते तशी सम येते, न आदळता. मुखड्यासाठी वेगळी तयारी केल्याचा मागमूस नाही.

तानाही तशाच. सरळ वर जाऊन सरळ खाली येणारी तान फार कमी. वळसे घेत जाते, मधेच दिशा बदलते, आणि रागाचं चलन कुठे मोडत नाही. अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग या घराण्याची खासियत, आणि त्यात हे करणं म्हणजे डोकं किती जागं पाहिजे! संपूर्ण मालकंस घ्या. मालकंसात रिषभ-पंचम नाहीत हे शाळकरी पोरालाही ठाऊक, इथे ते दोन्ही आहेत आणि तरी मालकंसच दिसला पाहिजे. एक स्वर चुकीच्या जागी लांबला की राग गेला.

आवाज कुणाला पातळ वाटेल. मला वाटत नाही. पण त्यांच्या गाण्यात श्रोत्याला खूश करायची इच्छा जवळपास शून्य आहे, आणि काही लोकांना त्याचाच त्रास होतो असं माझं निरीक्षण.

निषादप्रेमी

+१ लयवेडा. शेवटच्या वाक्याला +१०.

सांगेंकार

कुर्डीचं नाव वाचून राहवलं नाही. माझं आजोळ वाडे, म्हणजे धरणग्रस्तांचं पुनर्वसन झालं तिथलं. काही वालकिणीला गेले.

षड्जपंचम, तुम्ही ‘कुर्डी गाव’ लिहिलंत, ते गाव आज वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं. साळावली धरणासाठी गेलं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन लोकांशी बोलले होते, तुमच्या त्यागाने सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असं. आमच्या घरात हे अजून सांगतात, आणि कोण सांगतंय त्यावर सूर बदलतो. आजोबा अभिमानाने सांगायचे. आजी सांगायची नाही, उठून आत जायची.

एप्रिल संपत आला की पाणी ओसरतं आणि गाव वर येतं. जोती, पायऱ्या, विहिरींची कडी, वाळलेल्या झाडांचे बुंधे, सगळीकडे भेगाळलेला चिखल. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो आणि ख्रिस्ती लोकांचं फेस्तही होतं, जुने गावकरी गाड्या करून येतात. जो तो आपापलं जोतं शोधत असतो. त्यातच ‘हें मोगूबायचें घर’ म्हणून जागा दाखवतात. भिंतींचे अवशेष आहेत. मी गेलो तेव्हा एक काका तिथे मुलांना ओरडत होते की त्यावर चढू नका, आणि मुलं चढत होती.

अवांतर, पण राहवत नाही: कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगडन् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलंय, आणि जांभ्या दगडातली प्राचीन मातृदेवीची मूर्ती इथून वेर्ण्याला नेली. गोव्यात आलात की बीचवरून सवड काढून दोन्ही बघा.

आणि चंद्रेश्वर भूतनाथ म्हणजे आमचा पारोड्याचा पर्वत. डोंगरावरचं देऊळ. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर तिथलेच. त्या पट्ट्यात लय पाण्यातच असावी.

देव बरें करूं.

षड्जपंचम

सांगेंकार, दंडवत. हे लिहिल्याबद्दल खूप आभार. उत्सव मे महिन्यात नक्की कधी असतो ते गावच्या लोकांना विचारून सांगाल का?

सांगेंकार

पाण्याच्या पातळीवर असतं. मामाला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कोमलऋषभ

मी जरा वेगळं लिहितेय, राग मानू नका.

माईंबद्दल जे जे वाचते त्यात एक गोष्ट हमखास असते: त्या शिकवताना स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) दोनदाच गाऊन दाखवायच्या. तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात उचललं तर उचललं. किशोरीताईंनीच मुलाखतींमधून हे सांगितलंय. (सॉरी धागाकर्ते, लेक आलीच.) आणि आपण हे वाचून ‘वा, काय शिस्त’ म्हणतो. मला मात्र दरवेळी समोर बसलेली ती लहान मुलगी दिसते. गुरू घरी जातो, आई घरातच असते. तालीम संपली तरी ती संपत नाही. वडील लहानपणी गेलेले. अशा मुलीला ‘तिसऱ्यांदा नाही’ म्हणणं याला आपण नेहमी प्रेमच का म्हणायचं?

दुसरं, ‘गीत गाया पत्थरोंने’साठी किशोरीताई गायल्या तेव्हा माईंनी बजावलं होतं की सिनेमात गाणार असशील तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही. बाई तेव्हा तिशी ओलांडलेली होती!

मोठ्या कलाकारांच्या आठवणी लिहिताना आपण त्यांच्या कडकपणावर साखर फार पेरतो, एवढंच म्हणणं.

अर्धवटराव

मिसळ वाचली माझी.

गाणंशिकवणारी

कोमलऋषभ, राग कशाला. प्रश्न रास्त आहे. मी स्वतः शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते.

माझ्या क्लासला मुलं मोबाइल समोर ठेवून बसतात. रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर कान निवांत होतात. मी पाच वेळा गाते, घरी जाऊन ती पन्नास वेळा ऐकतात, आणि पुढच्या आठवड्यात जागा तिथेच चुकते. कारण ऐकताना त्यांनी ती पकडायची म्हणून ऐकलेलीच नसते. दोनदाच मिळणार हे ठाऊक असलेलं मूल कसं ऐकत असेल याची कल्पना करा. माईंनी स्वतः जे मिळवलं ते असंच मिळवलं होतं. खाँसाहेब उद्या असतील की नाही, हैदरखाँ पुढच्या महिन्यात शिकवतील की नाही, कशाचीच शाश्वती नाही. ऐकलं तेव्हाच साठवलं नाही तर गेलं. ज्यांना आपण कडकपणा म्हणतो ती त्यांना ठाऊक असलेली शिकायची एकमेव रीत होती.

आता त्या मुलीचं काय, हे मी टाळत नाही. घरातच गुरू असण्याचा जाच असतोच. माझी मुलगी माझ्याकडे शिकत नाही, दुसरीकडे शिकते. घर आणि तालीम एकत्र ठेवायची माझ्यात ताकद नाही. माईंच्यात होती की त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, सांगता येणार नाही.

तानपुऱ्याचं म्हणाल तर मी माईंच्या बाजूने. ज्या समाजातून आणि ज्या काळातून त्या आल्या, तिथे गाणाऱ्या बाईला कुठे बसवायचं हे ऐकणारे ठरवत. कलावंत (देवळात सेवा म्हणून गाणाऱ्या) घरातल्या बायकांनी मैफलीची प्रतिष्ठा एकेक पायरी चढून मिळवली होती. किशोरीताई लहानपणी आईबरोबर तानपुरा धरायला दौऱ्यावर जायच्या. मानधन तुटपुंजं, उतरायची सोय कुणाच्या तरी घरी, वागणूक यजमानाच्या मर्जीवर. हे त्यांनीच पुढे सांगितलंय, आणि आयोजकांशी त्या इतक्या ताठ का वागायच्या याचं उत्तरही त्यातच दिलंय. जिने ते सगळं गिळून गाणं शुद्ध ठेवलं, तिला लेकीने तीन मिनिटांच्या गाण्यासाठी ते खाली उतरवलं असं वाटलं असेल. चूक की बरोबर सोडा, समजू शकतं.

कोमलऋषभ

समजू शकतं, हे मान्य. दौऱ्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता त्या बाजूने. तरी ‘दोनदाच’ला मी माझं मत ठेवून आहे.

षड्जपंचम

दोघींचेही प्रतिसाद आवडले. यात एक भर घालतो, कारण ‘कडक’ म्हटलं की माई म्हणजे घराण्याच्या भिंतीला विटा लावत बसलेली बाई असं चित्र उभं राहतं.

ज्या बाईने जयपूरचं गाणं इतक्या कष्टाने मिळवलं, तिने लेकीला फक्त जयपूरमध्ये कोंडून ठेवलं नाही. किशोरीताई भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या, आग्र्याच्या अन्वर हुसेनखाँकडे शिकल्या, ग्वाल्हेरच्या शरच्चंद्र आरोलकरांकडे शिकल्या. त्या काळी घराण्याबाहेर पाऊल टाकणं म्हणजे गुरूचा अपमान. इथे गुरूच आई, आणि तिच्या डोळ्यांदेखत हे चाललेलं. माई स्वतः आग्र्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, जयपूर बंद असताना. त्या काळात तिथे जे मिळालं त्याचं मोल त्यांना ठाऊक असणार. पुढे किशोरीताईंनी घराण्याच्या चौकटीबाहेर जे गाणं केलं त्याची किल्ली मला इथे दिसते.

(अट मीच मोडली. पण मुद्दा माईंचाच आहे.)

जुना श्रोता

एवढं लिहिलंत, केसरबाईंचं नाव कुठेच नाही? खाँसाहेबांची खरी गायकी ऐकायची तर केसरबाई केरकर. आवाजाचा तो झोत मोगूबाईंकडे नव्हता. १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात पाठवली त्यात केसरबाईंची भैरवी आहे, मोगूबाईंचं काही नाही. स्पष्ट बोलतो.

निषादप्रेमी

अंतराळात कोण गेलं यावर गाणं ठरायला लागलं तर कठीण आहे काका.

लयवेडा

जुना श्रोता, झोत नव्हता हे खरं. मला दोघीही लागतात. पण या धाग्यापुरता हिशेब मांडायचा तर असा: केसरबाईंकडे टिकून शिकलेलं ठळक नाव धोंडूताई कुलकर्णींचं. माईंच्या शिष्यांची यादी वर आहे, त्यातल्या पद्माताईंसारख्यांनी पुढे आणखी शिष्य तयार केले. एकीने गाणं शिखरावर नेलं, दुसरीने ते रुजवलं, आणि एकच खाँसाहेब दोघींचे गुरू. यात भांडण कुठे आहे?

जुना श्रोता

भांडत नाहीये. दोघींना ऐकलेले लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले, म्हणून बोललो. मोगूबाईंना मी मुंबईत ऐकलंय. काठाची साधी साडी, बसल्या की हालचाल नाही, हातवारे नाहीत, तोंड वाकडं नाही. पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले तरी नजर हलली नाही. गाणं मात्र त्या दिवशी फार चढलं होतं, हे कबूल.

संपादक

‘कोण मोठी’ इथेच थांबवूया. धाग्याचं काश्मीर करू नये ही विनंती.

मुक्काम डोंबिवली

रात्री येतो म्हटलं होतं, आलो. हे माईंबद्दल नाही, माझ्या आईबद्दल आहे. विषयांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं.

आई मागच्या वर्षी गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. लग्नाआधी गाणं शिकलेली, लग्नानंतर सुटलं, आणि आम्ही भावंडं शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा धरलं. आकाशवाणीची ऑडिशन दिली, बी-हाय ग्रेड मिळाली. करारपत्र पोस्टाने यायचं, त्यावर तारीख, वेळ, राग आणि मानधनाचा आकडा. बाबा ते पाकीट फोडायचे नाहीत, आई आल्यावर तिच्या हातात द्यायचे. घरात तिच्या नावाने येणारी तेवढी एकच पत्रं.

पण पोट भरायचं ते क्लासवर. दोन खोल्यांचं घर, पाणी पहाटे साडेपाचला जायचं, म्हणून पहिली बॅच पावणेसहाला. मुली यायच्या, बसायच्या, आई चहाचं आधण ठेवता ठेवता ‘सा’ लावायला सांगायची. आतून नुसतं ‘गंधार!’ असं ओरडली की बाहेर कुणीतरी सुधारायचं. फीची नोंद वाण्याच्या हिशेबाच्या वहीतच, मागच्या पानापासून उलटी. त्यात काहींच्या नावापुढे आकड्याऐवजी रेघ. ही रेघ म्हणजे काय हे मी मोठेपणी विचारलं तेव्हा म्हणाली, तिचे वडील गिरणीत आहेत, संप चाललाय. संप मिटला, पुढची वही आली, तरी त्या नावांपुढे रेघच.

कोमलऋषभ यांनी वर लिहिलंय ते वाचून मला उलटंच वाटलं. आईने मला कधी शिकवलंच नाही. दोनदाही नाही. सकाळच्या बॅचा, मग डबे, दुपारी झोपायच्या वेळेला तिचा स्वतःचा रियाज, संध्याकाळी पुन्हा बॅचा. आम्ही भावंडं स्वयंपाकघरात अभ्यास करायचो आणि भिंतीपलीकडून इतरांच्या मुलांना यमन मिळत असायचा. लहानपणी याचा राग होता. डाफरणारी का होईना, आई समोर बसून मलाही काही सांगतेय असं हवं होतं. एकदा बोलून दाखवलं तर म्हणाली, तू ऐकतोस की रोज. हे तिला खरंच पुरेसं वाटायचं.

एक गोष्ट मात्र तिने मला शिकवली, तंबोरा जुळवायला. तेही तिची सोय म्हणून. मी दहावीत असताना तिच्या खांद्याचं दुखणं सुरू झालं, खुंट्या पिळवेनात. म्हणून मला बसवलं. जोडाच्या तारा आधी, मग पंचम, मग खर्ज. मणी किती सरकवायचा, घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली घातलेला जवारीचा दोरा नखाने केसभर हलवला की तार कशी बोलायला लागते. ती डोळे मिटून ऐकायची आणि ‘अजून’ एवढंच म्हणायची. ‘झालं’ असं कधीच म्हणायची नाही, ‘अजून’ म्हणणं बंद केलं की समजायचं. पुढे शेवटपर्यंत ते काम माझ्याकडे होतं. नोकरीला लागलो, लग्न झालं, शेजारच्या इमारतीत राहायला गेलो, तरी पावणेसहाच्या आधी जाऊन तंबोरा लावून यायचो. ऐंशी पार केल्यावर क्लास बंद झाला, तेव्हाही.

आता मुद्द्याचं. तो तंबोरा माझ्याकडे आहे. मिरजेचा, आईने आकाशवाणीच्या मानधनातून साठवून घेतलेला. या पावसाळ्यात भोपळ्याला तडा गेलाय, तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणीच्या) जोडापासून खाली चार बोटं. आमच्याकडच्या एका दुकानदाराने सांगितलं की काही होणार नाही, शोपीस म्हणून ठेवा. मला शोपीस नकोय. इथे कुणाला कल्पना आहे का, हे दुरुस्त होतं का?

गाणंशिकवणारी

हा प्रतिसाद कुणी उडवू नका. विषय हाच आहे.

होतं दुरुस्त. दुकानात दाखवू नका, थेट मिरजेला न्या. सतारमेकरांची घराणी पिढ्यान् पिढ्या तिथे हेच करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तडा जोडापर्यंत गेला असेल तर आतून पट्टी लावून भरतात. भोपळाच बदलायचा म्हणाले तर घाई करू नका, दुसऱ्या कारागिरालाही दाखवा. भोपळा बदलला की आवाज बदलतो.

मुक्काम डोंबिवली

मनापासून आभार. कुरियरने पाठवला तर चालेल का? सुट्टीचा प्रश्न आहे.

जुना श्रोता

कुरियरने अजिबात नाही. स्वतः न्या. आधी सगळ्या तारा सैल करा, पण पूर्ण काढू नका. घोडी जागेवरून हलू नये म्हणून मऊ कापडाने बांधा. भोपळ्याला गोधडी गुंडाळा, तड्यावर चिकटपट्टी लावू नका, पॉलिश निघतं. रेल्वेने जाणार असाल तर वरच्या बर्थवर, आडवा, भोपळा भिंतीकडे. पाऊस संपल्यावर जा, ओल्या हवेत जोड धरत नाही.

कोमलऋषभ

डोंबिवलीकर, आईंच्या विद्यार्थिनींपैकी कुणी अजून गातात का? आणि ती वही जपून ठेवलीय ना?

मुक्काम डोंबिवली

वह्या आहेत, सगळ्या. गाणाऱ्या तिघीचौघी आहेत, त्यातली एक विरारला स्वतः क्लास घेते. तंबोरा दुरुस्त झाला तर तिला द्यायचा विचार आहे, माझ्या घरी कुणी गात नाही. बायकोला वाटतं ठेवावा. अजून ठरलं नाही.

लयवेडा

द्या. पण जुळवायला जात जा.

सांगेंकार

मामाशी बोललो. यंदाचा उत्सव होऊन गेला. पुढच्या मेमध्ये कुणाला कुर्डीला यायचं असेल तर व्यनि करा, मडगावहून आम्ही गाडी करतो. टोपी आणि पाणी आणायला विसरू नका, सावली अजिबात नाही तिथे.